मुंबईच्या जानेवारीत बर्फाचा सुगंध

पाच मिलीच्या गडद तपकिरी कुपीतून येणारे हे हिवाळी सुगंधी तेल मुंबईकराने घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की ज्याचा दिवस वातानुकूलित जागेत जातो त्याने ते जरूर घ्यावे, आणि ज्याचा दिवस रस्त्यावर, बाजारात किंवा पंख्याखाली जातो त्याने आधी नमुन्याची छोटी कुपी मागवून पाहावी. तेल अमेरिकेतल्या एका लहान उत्पादकाचे आहे, ते फक्त हिवाळ्यापुरते आणि मोजक्या प्रमाणात निघते, आणि त्याच्या वर्णनात ताजा बर्फ, पुदिना, पाइन, सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ, व्हॅनिला आणि व्हाइट मस्क एवढी नावे दिलेली आहेत. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण या जातीची तेले आता अनेक जण करतात आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या सगळ्यांनाच कमीअधिक प्रमाणात लागू पडते. बर्फ आणि मसाला एकाच कुपीत घालण्याची कल्पना ज्या हवामानात सुचली, त्या हवामानातून ती उचलून आपल्या दमट, खारट हवेत आणली की तिचे काय होते, हे पाहण्यातच मला मुख्य रस होता.

आधी तेलाविषयी. याचा आधार म्हणजे खोबरेल तेलापासून वेगळा काढलेला पातळ, जवळजवळ वासहीन भाग. मुंबईतल्या घरात थंडी पडल्याची पहिली खूण बहुधा न्हाणीघरातल्या खोबरेलाच्या बाटलीतच दिसते, कारण ते तेल २४ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की गोठू लागते. या सुगंधाच्या आधारातून मात्र गोठणारा भाग काढून टाकलेला असल्यामुळे ते आपल्याकडच्या कोणत्याही थंडीत वाहतेच राहते, आणि म्हणून शेजारच्या फळीवरचे साधे खोबरेल पांढरे होऊन बसलेले असताना बर्फाचे नाव मिरवणारे हे तेल खुशाल पातळ राहते. झाकणाला जोडलेल्या काचेच्या काडीने मनगटावर एक थेंब घ्यावा, तो घासू नये, नुसता टेकवावा. अत्तर लावण्याची सवय असलेल्यांना यात नवीन काही नाही. मद्यार्कातला परफ्यूम फवारला की मद्यार्क क्षणात उडून जातो आणि जाताजाता सुगंध खोलीभर फेकून देतो. तेल स्वतः उडत नाही, त्यातला सुगंध अंगाच्या उबेने थोडाथोडा सुटतो, आणि म्हणून त्याचा पसारा हातभर अंतराच्या पलीकडे फारसा जात नाही. संध्याकाळच्या गर्दीत दादरला चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे; शेजाऱ्याच्या नाकावर आपली आवड लादली जात नाही.

आता बर्फाकडे वळू. बर्फाला स्वतःचा असा वास नसतो. थंड हवेत वासाचे रेणू कमी उडतात, एरवी सतत येणारे माती, पाला, धूर यांचे वास दबतात, आणि नाकात गारवा शिरतो. या सगळ्यांची मिळून जी जाणीव होते तिला बर्फाळ मुलखातले लोक बर्फाचा वास म्हणतात. सुगंधकाराला ती जाणीव कुपीत भरायची असेल तर त्याच्या हाताशी ठरावीक द्रव्ये असतात. पुदिन्यातले मेंथॉल, निलगिरीतले सिनिओल, कापूर, पाइनच्या सुयांना त्यांचा वास देणारे बोर्निल ॲसिटेट आणि धातूसारखा स्वच्छ, चकाकता वास देणारी काही अल्डिहाइड्स यांच्या मापात त्याचे कसब दिसते. माप चुकले की बर्फाच्या जागी टूथपेस्ट येते, आणि या प्रकारच्या बहुतेक स्वस्त तेलांचे तेच होते. या तेलात ते झालेले नाही. पुदिना आहे, पण तो पानाच्या हिरवेपणासकट येत नाही; त्याच्यामागे पाइनची जरा कडवट, राळेची छटा उभी असते आणि दोहोंच्या मधून एक अगदी बारीक धातूचा वास जातो, नव्या स्टीलच्या भांड्याला पहिल्यांदा पाणी लावल्यावर येतो तसा. पहिली काही मिनिटे हा भाग खरोखर सुंदर आहे. ज्यांनी बर्फ सिनेमात किंवा मनालीच्या सहलीतच पाहिला आहे त्यांनाही तो पटेल, कारण तो नाकाला ओळख पटवून देण्याआधीच गार लागतो.

हे गार लागणे भासापेक्षा थोडे अधिक आहे. आपल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारे जे संवेदक असतात, तेच मेंथॉलने चाळवले जातात, त्यामुळे तापमान न बदलताही मेंदूकडे थंडीचाच निरोप जातो. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिले, आणि तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकांवरील कामासाठी या दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनगट नाकाशी नेल्यावर जो गारवा जाणवतो तो या अर्थाने खराच आहे, आणि मुंबईतही तो तितकाच खरा आहे. अडचण पुढे येते. संवेदकाने थंडीचा निरोप पोचवला तरी त्या निरोपाला कोणती आठवण चिकटायची हे नाक ज्या घरात वाढले त्यावर ठरते, आणि आपल्या घरांत मेंथॉल-कापराच्या वासाची जागा फार पूर्वीपासून अडवून ठेवलेली आहे. अमृतांजन १८९३ मध्ये याच शहरात निघाले. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी हा गार वास डोकेदुखी, सर्दी आणि उशाशी ठेवलेली छोटी बाटली यांच्याशी जोडून टाकला आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हे तेल लावून गेले, तेव्हा वाण देताना माझ्याजवळ आलेल्या आत्याने काळजीने विचारले, “अगं, सकाळपासून डोकं दुखतंय का तुझं? आधी सांगायचंस ना.” तिथे जमलेल्या बायकांपैकी ज्यांना मी नंतर मुद्दाम मनगट हुंगायला दिले, त्यांतल्या चाळिशीच्या वरच्या बहुतेकींना बाम आठवला, आणि कॉलेजातल्या मुलींना च्युइंगगम. बर्फ कोणालाच आठवला नाही. मला वाटते, हा दोष तेलाच्या माथी मारता येणार नाही, पण घेणाऱ्याने तो गृहीत धरलेला बरा.

मुंबईला बर्फ तसा नेहमी बाहेरूनच आलेला आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये तळ्यांतला कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला पाठवला, आणि पुढे तो मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. तो साठवायला आपल्याकडे बर्फघर बांधले गेले होते. महिनोन् महिन्यांच्या प्रवासात त्यातला बराच बर्फ वितळून जाई. माझ्या कुपीतला अमेरिकी बर्फ प्रवासात शाबूत राहिला, तो वितळला इथे उतरल्यावर.

तो किती लवकर वितळतो ते पूर्णपणे जागेवर अवलंबून आहे, आणि या तेलाविषयीचा माझा सगळा अनुभव शेवटी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. जानेवारीत सांताक्रूझचे किमान तापमान सरासरीने १७ अंशांच्या आसपास असते आणि दुपारचे कमाल ३० च्या वर जाते. वेधशाळेच्या नोंदीतला नीचांक ७.४ अंशांचा आहे, पण तो २२ जानेवारी १९६२ चा. त्याच्या भरवशावर आज कोणी सुगंध विकत घेऊ नये. दुपारी दादरच्या फुलबाजारातून हे तेल लावून चालत गेले तर पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेतो पुदिना संपलेला असतो. मेंथॉल, सिनिओल, कापूर ही सगळी चटकन उडणारी द्रव्ये, उन्हाने तापलेल्या आणि घामाने ओल्या झालेल्या त्वचेवरून ती घाईघाईने निघून जातात, आणि मसाला आपल्या ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी एकटाच पुढे येतो. बर्फ आणि मसाला यांनी एकत्र राहायचे, हीच ज्या रचनेची मूळ कल्पना, तिथे एकाने आधीच निघून जावे हा केवढा तोटा!

याउलट लोअर परळच्या माझ्या कार्यालयात, जिथे बाराही महिने शाल घेऊन बसावे लागते, तिथे हेच तेल जसे बेतले होते तसे उलगडते. गारवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरतो, त्याच्या खालून मसाला हळूहळू वर येतो, आणि मधला असा एक मोठा काळ असतो की दोन्ही एकाच श्वासात मिळतात. वातानुकूलित लोकलमध्येही ते चांगले वागते. ती लोकल पश्चिम रेल्वेवर पहिल्यांदा धावली ती २५ डिसेंबर २०१७ ला, नाताळच्या दिवशी, आणि मुंबईच्या वाट्याला आलेला बर्फाळ नाताळ तेवढाच असावा. खऱ्या थंडीत हे तेल पाहायचे असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उजाडायच्या सुमाराला जावे. शहराच्या इतर भागांपेक्षा तिथे पारा खाली असतो, झाडांचा ओला वास असतो, आणि त्या वासात तेलातला पाइन असा काही मिसळतो की तो कुपीतून आला की समोरच्या झाडीतून, हे क्षणभर सांगता येत नाही. समोर झाडी सागाची आणि बांबूची आहे हे नाक सोयीने विसरते. मरीन ड्राइव्हवर मात्र संध्याकाळी निराशा झाली. वारा गार होता, पण त्यात मिठाचा आणि कठड्याखालच्या ओल्या दगडांचा वास इतका होता की पाइन त्यापुढे फरशी पुसायच्या फिनाइलसारखा भासू लागला.

मसाल्याविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण या तेलाचा खरा कस तिथे लागतो आणि मराठी नाकाला फसवणे तिथे सर्वांत अवघड असते. ज्या हवामानात दालचिनी-लवंग-जायफळ हे नाताळचे वास आहेत, तिथे ते वर्षातून एकदा येतात आणि येताना सणाचे कौतुक घेऊन येतात. आपल्याकडे लवंग-दालचिनी रोजच्या आमटीभातात आहे, गोड्या मसाल्यात आहे, चहात आहे. त्यामुळे ज्या सुगंधात मसाला आहे तो अंगाला लागला की स्वयंपाकघरातून थेट उठून आल्यासारखे वाटण्याचा धोका असतो. या तेलाने तो धोका दोन युक्त्यांनी टाळला आहे. पहिली म्हणजे यात कोरडेपणा राखलेला आहे. सुंठ आहे, ओले आले नाही, आणि भाजलेल्या, तेलात परतलेल्या मसाल्याची खमंग बाजू पूर्ण वगळलेली आहे, त्यामुळे फोडणीची आठवण येत नाही. दुसरी म्हणजे जायफळ इतरांच्या पुढे ठेवले आहे. दालचिनी पुढे असती तर बेकरी झाली असती, लवंग पुढे असती तर दातांचा दवाखाना, कारण लवंगेतले युजेनॉल दाताच्या औषधांत इतके वापरले जाते की त्याचा वास खुर्चीची आणि दिव्याची आठवण देतोच. जायफळ या दोघांना धरून ठेवते. त्याला गोडवा आहे, थोडी लाकडाची कोरडी बाजू आहे, आणि पाइनच्या वासात जी द्रव्ये असतात त्यांपैकी काही जायफळातही असल्यामुळे ते बर्फाच्या बाजूलाही परके वाटत नाही. श्रीखंडात आणि पुरणात जायफळ ज्या बेताने घालतात त्याच बेताने ते इथे घातले आहे. थंडीच्या दिवसांत जायफळ घातलेली कॉफी ज्यांच्या घरी होते त्यांना हा भाग आपलासा वाटेल, आणि मला तरी या तेलातला सर्वांत देखणा भाग हाच वाटला.

वर्णनात नसलेला एक मसाला मला यात सतत जाणवतो, तो म्हणजे हिरवी वेलची. वेलचीतच सिनिओल मोठ्या प्रमाणात असते, म्हणूनच ती चावली की तोंडात गार वाटते. तेव्हा कदाचित पुदिना आणि जायफळ यांच्यामध्ये नाकच आपल्या ओळखीची वेलची तयार करून घेत असेल. जे काही असेल ते असो, पण या एका जागी बर्फ आणि मसाला यांच्यातला जोड खरोखर बेमालूम झाला आहे. लवंगेचा भाग मात्र मला थोडा अधिक झालेला वाटतो. उन्हात गारवा लवकर उडून गेला की ती टोकदार होते आणि तासभर तरी इतर कोणाला बोलू देत नाही.

शेवटचा टप्पा व्हॅनिला आणि व्हाइट मस्कचा. हा चांगला आहे, पण विशेष नाही. व्हाइट मस्क म्हणजे प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या द्रव्यांचे एक मोठे कुटुंब, आणि त्यातलीच काही द्रव्ये कपडे धुण्याच्या पावडरीत गेली कित्येक दशके वापरात असल्यामुळे त्यांचा वास आला की धुतलेल्या चादरीच आठवतात. बर्फाच्या पांढरेपणासाठी उत्पादकाने तो घेतला असणार हे कळते. व्हॅनिलाबाबत मात्र एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. व्हॅनिलिन पहिल्यांदा कृत्रिमरीत्या तयार केले ते १८७४ मध्ये, जर्मनीत, फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी, आणि त्यासाठी त्यांनी वापरला होता सूचिपर्णी झाडांच्या रसातला कोनिफेरिन हा पदार्थ. पाइनच्या वासाने सुरू होणारे आणि व्हॅनिलाने संपणारे हे तेल त्या दृष्टीने एकाच जंगलात फिरून येते. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मनगटावर जे उरते ते एवढेच असते, मऊ, गोडसर, त्वचेला चिकटून राहणारे. रात्री हात धुतल्यावरही ते पुरते जात नाही.

या तेलाची तुलना परदेशी परफ्यूमशी करण्यापेक्षा आपल्याच हिवाळी अत्तरांशी करणे मला अधिक योग्य वाटले, म्हणून ती कुपी घेऊन मी मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या परिसरातल्या एका जुन्या अत्तराच्या दुकानात गेले. अत्तराच्या व्यवहारात ऋतू पाळला जातो. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब, केवडा पुढे येतात आणि थंडीत हिना, शमामा, ऊद, अंबर. शमामा हे मसाल्यांचे अत्तर. जटामांसी, नागरमोथा, कापूरकाचरी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची, दगडफूल अशा कितीतरी वनस्पती उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या कारखान्यांत तांब्याच्या देगेत पाण्यासह उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, उतरते आणि तिथे ठेवलेल्या चंदनाच्या तेलात मुरते. चंदन महाग झाल्यापासून स्वस्त मालात त्याची जागा इतर द्रवांनी घेतली आहे, तेव्हा घेताना विचारून घ्यावे. यादी वाचताच लक्षात येईल की यातली निम्मी नावे आपल्या दिवाळीच्या उटण्यात आहेत आणि उरलेली बरीचशी गोड्या मसाल्याच्या डब्यात. गल्ल्यावरच्या वयस्क चाचांनी माझे तेल आधी कुपीतून, मग हातावर घेऊन हुंगले, थोडा वेळ हात बाजूला ठेवला, पुन्हा हुंगले, आणि मसाला चांगला आहे पण त्याच्याबरोबर गारवा कशासाठी, असे विचारले. थंडीत लोक गरम अत्तर मागतात, गार मागायला येतात ते मे महिन्यात, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या प्रश्नात मला या तेलाचे नेमके वेगळेपण सापडले. शमामा आणि हिना ही अत्तरे थंडीला दाराबाहेर ठेवण्यासाठी आहेत, त्यांचा फाया कानात ठेवला की अंगावर एक पांघरूण आणखी आल्यासारखे वाटते. या तेलात थंडीला आत बोलावून शेकोटीशेजारी बसवलेले आहे. ज्या देशात बाहेर खरोखर बर्फ असतो आणि घर तापवलेले असते, तिथल्या माणसाला दारातून आत येताना जे वाटते ते यात पकडलेले आहे. मुंबईत या अनुभवाची दिशाच उलटी. आपण तापलेल्या रस्त्यावरून गारठलेल्या कार्यालयात शिरतो. म्हणूनच बहुधा हे तेल रस्त्यावर लावण्यात अर्थ नाही आणि कार्यालयात पोचल्यावर, घाम पुसून, हात कोरडे करून लावण्यात आहे. मी आता तसेच करते.

सुगंधाच्या खोलीचा विचार केला तर शमामा सरस आहे, याविषयी मला शंका नाही. त्यातले दगडफूल आणि जटामांसी मिळून जो मातकट, जुना, धुरकट तळ तयार करतात तसे काही या तेलात नाही, आणि दुसऱ्या दिवशी ओढणीला शमाम्याचा जो वास येतो त्याच्याशी व्हॅनिला-मस्कची बरोबरी होत नाही. किमतीचा हिशेबही या तेलाच्या बाजूने नाही. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून या पाच मिलीला मला जे पैसे पडले, तेवढ्यात त्या दुकानात मध्यम प्रतीच्या शमाम्याचा पूर्ण तोळा, म्हणजे जवळपास १२ मिली, मिळत होता. पण शमामा लावून सकाळच्या बैठकीला बसणे सगळ्यांना जमणारे नाही. तो खोलीचा ताबा घेतो आणि ज्यांना सवय नाही त्यांना तो जड होतो. हे तेल कार्यालयात कोणाला खुपत नाही. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तर ते कोणत्या साबणाचे आहे असे विचारले, आणि मला ते कौतुकच वाटले.

वापराबाबत काही सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतले युजेनॉल ही दोन्ही द्रव्ये काही जणांच्या त्वचेला सोसत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने, म्हणजे इफ्राने, त्वचेवर लावायच्या उत्पादनांत दोहोंच्या प्रमाणावर मर्यादा घातलेल्या आहेत. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दिवसभर वाट पाहावी. लाली किंवा खाज आली तर पुढे जाऊ नये. नुकत्याच वॅक्सिंग केलेल्या किंवा घामोळे आलेल्या त्वचेवर ते लावूच नये, आणि लहान मुलांच्या अंगाला तर मुळीच नाही. मानेवर लावायचे असेल तर कानामागे लावावे, कारण गळ्यापाशी घामाबरोबर ते पसरते आणि लवंग चुरचुरते. कपड्यांपासून ते जपावे. तेलाचा डाग पडतो हे उघड आहे, पण व्हॅनिलिन काळाबरोबर पिवळट-तपकिरी होते, त्यामुळे पांढऱ्या सुती कुर्त्यावर पडलेला न दिसणारा थेंब काही आठवड्यांनी दिसू लागतो. याच कारणाने कुपीतले तेलही हळूहळू गडद होईल. ते बिघडल्याचे लक्षण नाही. उजेड आणि उष्णता यांपासून मात्र ते लांब ठेवावे. आपल्या घरांत अत्तराच्या कुप्या खिडकीजवळच्या आरशापुढे मांडायची पद्धत आहे, ती सोडून कपाटातल्या खालच्या कप्प्यात तिला जागा द्यावी. फ्रिजची गरज नाही.

मागवायचेच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागवावे, कारण परदेशातून कुपी यायला वेळ लागतो आणि जानेवारी संपता संपता आपल्याकडे ते लावायचे दिवसही संपतात. नमुन्याची कुपी मिळत असेल तर पहिल्या वर्षी तीच पुरे. ज्यांना बामाचा भास सहन होत नाही त्यांच्यासाठी मला एक तोड सापडली आहे, आणि ती मूळ उत्पादकाला आवडेलच असे नाही. मनगटावर आधी शमाम्याचा अगदी पुसटसा हात फिरवावा, तो पाच-दहा मिनिटे बसू द्यावा, आणि त्यावर या तेलाचा एक थेंब टेकवावा. शमाम्यातली वेलची आणि कापूरकाचरी मेंथॉलच्या गारव्याला आपल्यात सामावून घेतात, दगडफुलामुळे पाइनखाली जमीन येते, लवंगेचे टोक बोथट होते, आणि ज्या आत्याला हळदीकुंकवाला डोकेदुखी दिसली होती तिने या वेळी हात नाकाशी धरून हे उटणे कुठल्या दुकानातले, अशी चौकशी केली. प्रमाण मात्र सांभाळावे लागते, शमामा किंचित जरी अधिक झाला तरी बर्फाचा मागमूस राहत नाही.